लाटांवरील स्वारी

सुटी लागली कीं मुलांनीं मामाच्या गांवीं जावें, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. पूर्वीं हा गांव कोंकणांत असे, देशावर असे, फार तर बडोद्यास किंवा इंदुरास असे. आतां मामाच सात समुद्र ओलांडून गेले, तेव्हां त्यांचा गांवही त्यांच्या मागोमाग तिकडे गेला. दादरच्या एका कुटुंबांतील मुलीचा मामा असाच नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांत, सिडनी शहरीं स्थायिक झालेला. एके वर्षीं नाताळच्या सुटींत या घरांतील पांच माणसें, म्हणजे आजोबा, आजी, त्यांची कन्या, जावई आणि बारा वर्षांची नात, त्याच्याकडे गेलीं. आणि मामानें सर्वांसाठीं समुद्रकिनाऱ्यावर आठ दिवसांपुरती जागा भाड्यानें घेतली. त्या आठ दिवसांत समुद्रानें या मंडळींस जें शिकविलें, तें समुद्रकाठीं सुटी घालविणाऱ्या कोणत्याही घरास उपयोगी पडावें असें आहे. म्हणून त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आपल्याकडे डिसेंबरांत गोधड्या बाहेर निघतात; परंतु सिडनी पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें तेथें तेव्हां भर उन्हाळा असतो. नाताळ उन्हांतच येतो आणि सारें शहर समुद्राकडे धांव घेतें. मामाचें बिऱ्हाड शहराच्या पश्चिमेस, पॅरामॅटाच्या बाजूला. त्या भागांत भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे. तेथून आगगाडीनें बंदरावर यावयाचें आणि पुढें फेरीबोटीनें अर्ध्या तासांत मॅनलीस पोहोंचावयाचें, असा मार्ग. बंदराच्या तोंडाशीं दोन उंच कडे समोरासमोर उभे आहेत. त्यांच्यामधून मोकळ्या समुद्राची उसळी आंत येते आणि तेवढ्यापुरती बोट पाळण्यासारखी हलते. आजींनीं तेथें हात जोडले. आजोबांनीं कठड्याची पकड अधिक घट्ट केली.

मॅनली हें नांव १७८८ सालचें. इंग्रजांचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप यास तेथील मूळच्या रहिवाशांची चालचर्या मोठी मर्दानी वाटली, म्हणून त्यानें त्या जागेस हें नांव दिलें. आज तेथें एका बाजूस बंदराचें शांत पाणी आहे आणि पांच-सात मिनिटें चालून पलीकडे गेलें कीं महासागराच्या लाटा आहेत. कांठानें पाइन वृक्षांची उंच रांग, खालीं पिवळसर वाळू आणि पुढें निळें पाणी. जागा अशी कीं पाहणाऱ्याचे पाय आपोआप पाण्याकडे वळावे.

आजोबांची मात्र एक अट होती आणि ती मुंबईहून निघण्यापूर्वींच ठरलेली होती. नातीनें गुडघ्याच्या वर पाणी येऊं द्यावयाचें नाहीं. नातीनें लाटांवर फळी घेऊन उभीं राहणारीं मुलें चित्रपटांत पाहिलीं होतीं. तिकडे या खेळास सर्फिंग म्हणतात, तो आपणही शिकावा असें तिच्या मनानें घेतलें होतें. परंतु आजोबांपुढें हा विषय काढण्याचें धैर्य घरांत कोणालाच नव्हतें. आजोबांचे एक थोरले बंधु तरुणपणींच वारले, एवढेंच घरांत माहीत होतें. कसे वारले, हें आजोबांनीं कधीं सांगितलें नव्हतें आणि कोणीं विचारलेंही नव्हतें.

पहिला दिवस रविवारचा होता. किनाऱ्यावर माणसांची गर्दी उसळली होती. पण ती सर्व गर्दी एकाच ठिकाणीं दाटलेली दिसत होती. वाळूंत कांहीं अंतरावर दोन बावटे रोंवलेले होते, वरचा भाग तांबडा आणि खालचा पिवळा. त्या दोहोंच्या मधल्या पाण्यांत लहानथोर सारे लाटांचे तडाखे खात, हंसत-ओरडत होते. तेथून दोनशें पावलांवर मात्र पाणी अगदीं निवांत होतें. तेथें लाट फुटत नव्हती, फेंस नव्हता, माणूसही नव्हतें. जावयांना ती जागा पसंत पडली. कॉलेजांत असल्यापासून तलावांत पोहण्याचा त्यांचा नेम होता; चाळीस फेऱ्या न थांबतां मारीत.

मामाचा मुलगा नऊ वर्षांचा. तेथें पांच ते तेरा वर्षांच्या मुलांना समुद्राची ओळख करून देणारे वर्ग असतात, त्यांना निपर्स म्हणतात. हा मुलगा अशा वर्गास जात असे. तो म्हणाला, “काका, तिकडे नका जाऊं. तिथें रिप आहे.”

जावई हंसून म्हणाले, “अरे, तिथें तर एकही लाट नाहीं!”

“म्हणूनच,” मुलगा म्हणाला.

नऊ वर्षांच्या मुलाचें हें ‘म्हणूनच’ त्या वेळीं कोणीं मनावर घेतलें नाहीं. जावई पाण्यांत उतरले. प्रथम बरें वाटलें; पाणी गार, अंग हलकें. दहा-वीस हात मारून त्यांनीं मागें पाहिलें, तों किनारा वाटला होता त्यापेक्षां पुष्कळच दूर गेलेला! त्यांनीं तोंड वळवून किनाऱ्याकडे जोरानें पोहावयास सुरुवात केली. चाळीस फेऱ्यांचा दम होता. परंतु हात मारावे आणि समोरची पाइनची झाडें होतीं तेथेंच राहावीं, किंबहुना आणखी लहान व्हावीं, असें होऊं लागलें. तलावाच्या पाण्यास स्वतःची इच्छा नसते. या पाण्यास होती.

किनाऱ्यावर त्यांच्या पत्नीच्या हें लक्षांत आलें आणि ती साडीनिशीं पाण्याकडे धांवली. मामींनीं तिला दोन्ही हातांनीं धरून ठेवलें. मुलगा एव्हांना बावट्यांकडे पळत सुटला होता. क्षणभरांत एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी, डोक्यास तांबडी-पिवळी टोपी घातलेली, लांब फळी घेऊन पाण्यांत शिरली. फळीवर पालथें पडून दोन्ही हातांनीं वल्हवीत ती त्याच प्रवाहांतून झरझर पुढें गेली. जो प्रवाह बुडणाऱ्यास दूर नेत होता, तोच तिला त्यांच्याकडे नेत होता. जावयांनीं फळी धरली. मग ती सरळ किनाऱ्याकडे वळली नाहीं. ती आडवी, किनाऱ्याला समांतर गेली, जेथें लाटा फुटत होत्या तेथें पोहोंचली, आणि तेथल्याच एका लाटेनें दोघांना वाळूवर आणून सोडलें.

त्या मुलीनें त्यांची विचारपूस केली, एका वहींत दोन ओळी लिहिल्या आणि ती पुन्हा आपल्या जागीं जाऊन उभी राहिली. मागाहून समजलें कीं ती कॉलेजांत शिकणारी असून दर आठवड्यास कांहीं तास हें काम विनावेतन करीत असे.

येथें जरा थांबून तो निवांत दिसणारा पाण्याचा पट्टा म्हणजे काय होता, हें समजून घ्यावयास हवें. लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. त्या पाण्याला परत समुद्रांत जावेंच लागतें. वाळूच्या उंचवट्यांमधून जेथें खोल चर सांपडतो, तेथून तें एकवटून परत फिरतें. त्या चरांत पाणी खोल असल्यामुळें लाटा फुटत नाहींत. म्हणून वरून तेवढाच भाग गडद आणि शांत दिसतो. हा परतीचा प्रवाह कधीं कधीं उत्तम पोहणाऱ्यापेक्षांही वेगवान असतो. परंतु तो माणसास खालीं ओढीत नाहीं, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो बहुधा प्रवाहानें नव्हे, तर त्याच्याशीं झगडून आलेल्या थकव्यानें आणि भीतीनें. म्हणून त्यांत सांपडलेल्यानें प्रथम अंग सैल सोडून तरंगावें, हात उंच करून मदत मागावी आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेनें जावें. ज्या लाटांस भिऊन माणूस शांत पाण्यांत शिरतो, त्याच लाटा त्याला घरीं आणतात. अनोळखी समुद्राचें हें पहिलें अक्षर आहे, आणि तें डोळ्यांना दिसतें त्याच्या अगदीं उलट वाचावें लागतें.

ऑस्ट्रेलियन लोकांनाही हें अक्षर जन्मतः येत नव्हतें. एकोणिसाव्या शतकांत तेथें दिवसाउजेडीं समुद्रस्नान करण्यास कायद्यानें बंदी होती. तें असभ्य मानीत. १९०२ सालीं विल्यम गोचर नांवाच्या एका वृत्तपत्रसंपादकानें आगाऊ जाहीर करून याच मॅनलीच्या किनाऱ्यावर भर दिवसा स्नान केलें. पुढल्या वर्षीं मॅनलीच्या नगरसभेनें बंदी उठविली. बंदी उठली खरी, पण तिच्याबरोबर ज्ञान कांहीं आलें नाहीं. हजारों माणसें पाण्यांत उतरूं लागलीं आणि बुडूंही लागलीं. तेव्हां नुसत्या मोकळिकीनें भागत नाहीं, हें ओळखून ठिकठिकाणच्या पोहणाऱ्यांनीं एकत्र येऊन जीवरक्षकांचीं मंडळें काढलीं. सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावरील मंडळ १९०७ सालचें. त्याच वर्षीं या मंडळांची मध्यवर्ती संस्थाही निघाली. त्या वर्षाच्या आरंभीं बाँडी येथें एका नऊ वर्षांच्या मुलास लाटांतून ओढून काढण्यांत आलें होतें. तो चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ. त्यानेंच पुढें १९२८ सालीं विमानानें पॅसिफिक महासागर प्रथम ओलांडला. किनाऱ्यावर त्या दिवशीं जाणतीं माणसें नसतीं तर हा पराक्रम त्याच्या नांवावर लागलाच नसता.

याच बाँडीवर ६ फेब्रुवारी १९३८ रोजीं, रविवारीं, एकापाठोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि उथळ पाण्यांत उभीं असलेलीं सुमारें अडीचशें माणसें बाहेर ओढलीं गेलीं. योगायोगानें शर्यतीसाठीं जमलेले कित्येक जीवरक्षक तेथें हजर होते. त्यांनीं पाण्यांत उड्या घेतल्या. पांच माणसें दगावलीं, बाकीचीं सर्व वांचलीं. तिकडे तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. या मंडळांनीं स्त्रियांना जीवरक्षक म्हणून बरोबरीचें स्थान देण्यास मात्र १९८० साल उजाडलें. त्याआधींचा काळ असता, तर जावयांच्या मदतीस गेलेल्या त्या मुलीस ती टोपी घालतांच आली नसती.

त्या संध्याकाळीं मुक्कामावर कोणी फारसें बोलत नव्हतें. जावई पांघरूण घेऊन बसले होते. शरीराच्या थकव्यापेक्षां त्यांना लाज अधिक वाटत होती. आतां आजोबा पाण्याचें नांवही काढूं देणार नाहींत, अशी नातीची खात्री झाली होती. पण आजोबांनीं मामाच्या मुलाला, म्हणजे आपल्या त्या नऊ वर्षांच्या नातवाला जवळ बोलाविलें आणि विचारलें, “तिथें जाऊं नये, हें तुला कशावरून कळलें?”

मुलानें खिडकींतून समुद्र दाखवून सांगितलें. गडद पाणी, न फुटणाऱ्या लाटा, बाहेर वाहत जाणारी वाळू आणि फेंस.

आजोबा पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं पंचावन्न वर्षांत जें सांगितलें नव्हतें, तें सांगितलें. त्यांचें मूळ घर दापोली तालुक्यांत, हर्णैच्या बाजूला. थोरले बंधु पुण्यास कॉलेजांत होते, वय अठरा. विहिरींत पोहण्यांत त्यांचा हात धरणारा गांवांत कोणी नव्हता. ज्येष्ठ महिना लागला होता, एक-दोन पाऊस होऊन गेले होते आणि दुपारीं ऊन पडलें होतें. बंधु म्हणाले, चल, समुद्रावर जाऊं. आजोबा तेव्हां दहा वर्षांचे. ते वाळूवर कपडे राखीत बसले आणि बंधु पाण्यांत गेले.

“किनाऱ्यावर त्या वेळीं कोळ्यांच्या साऱ्या होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या,” आजोबा म्हणाले. “झांपांनीं शाकारलेल्या. एकही पाण्यांत नव्हती. मला वाटलें, बरें झालें, जागा मोकळी आहे. इतकीं वर्षें मी समुद्राला दोष देत आलों. आज या पोरानें सांगितल्यावर कळलें, त्या ओढलेल्या होड्या हाच बावटा होता. जे समुद्रावर जगतात, तेच त्याच्यापासून दूर झाले होते. आम्ही दोघे शाळा-कॉलेजांत शिकलेले, पण आम्हांला तें वाचतां आलें नाहीं.”

आजींनीं दिवा लावला. थोड्या वेळानें आजोबाच पुन्हा बोलले. “उद्यां हिला कोणा जाणत्याकडे घेऊन जा. गुडघाभर पाणी म्हणून कांहीं सुरक्षित नसतें. शिकूं दे नीट.”

दुसऱ्या दिवशीं मंडळी टेकाड ओलांडून उत्तरेकडील फ्रेशवॉटर नांवाच्या लहानशा किनाऱ्यावर गेली. सर्फिंगच्या इतिहासांत या जागेस मान आहे. हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरांतील पॉलिनेशियन लोकांचा. हवाई बेटांत तर राजापासून कोळ्यापर्यंत, स्त्रिया आणि मुलें धरून, सारे तो खेळत. त्यांच्या भाषेंत त्याला ‘हेए नालू’ म्हणजे लाटेवरून घसरणें असें म्हणतात. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवरील अधिकारी जेम्स किंग यानें १७७९ सालीं तो पाहून त्याचें वर्णन लिहून ठेविलें. पुढें परकीयांबरोबर आलेल्या रोगांनीं हवाईची प्रजा झपाट्यानें घटली, १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांस हा खेळ रुचला नाहीं आणि एकोणिसावें शतक संपतां संपतां तो जवळजवळ लोपला. विसाव्या शतकाच्या आरंभीं वायकिकीच्या किनाऱ्यावर त्याचें पुनरुज्जीवन झालें. त्याला जगभर नेणारा पुरुष म्हणजे ड्यूक कहानामोकू. ड्यूक ही त्याची पदवी नव्हे, नांवच तें. जन्म १८९० चा. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटरच्या शर्यतींत त्यानें सुवर्णपदक मिळविलें.

पोहण्याचे सामने करावयास तो सिडनीस आला असतां त्यानें पाइनच्या लाकडाची फळी तासून घेतली आणि १९१४ च्या डिसेंबरांत व १९१५ च्या जानेवारींत फ्रेशवॉटरच्या लाटांवर उभें राहून लोकांना थक्क केलें. जानेवारींत त्यानें इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीस आपल्याबरोबर फळीवर घेतलें. हीच मुलगी पुढें पोहणें शिकविणारी नामांकित शिक्षिका झाली. ती फळी फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक मंडळानें अद्याप जपून ठेविली आहे आणि टेकाडावर ड्यूकचा पुतळा आहे.

परंतु नातीला त्याची जी गोष्ट अधिक आवडली, ती निराळी. १९२५ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘थेल्मा’ नांवाची बोट मोठ्या लाटांत उलटली. ड्यूक जवळच होता. फळी घेऊन तो पुनःपुन्हा त्या लाटांत गेला आणि त्यानें एकट्यानें आठ माणसें बाहेर आणलीं. ज्या फळीवर खेळावयाचें, तीच फळी जीव वांचविण्याची. आदल्या दिवशीं जावयांनीं जी धरली होती, ती तिचीच बहीण. म्हणजे समुद्रांतील खेळ आणि समुद्रांतील सावधगिरी या दोन विद्या नव्हेत. एकाच विद्येच्या त्या दोन बाजू आहेत. जो लाट ओळखतो तोच तिच्यावर चढूं शकतो आणि तोच दुसऱ्यास तिच्यांतून काढूं शकतो.

शिकवणी सकाळीं होती. अंगाला चोपडण्याचें मलम, डोक्याला टोपी आणि बाह्यांचा पोहण्याचा पोशाख हें सर्व आधीं. कारण तेथील ऊन अंगाची कातडी जाळणारें असून त्यापासून कर्करोग होण्याचा धोका ओळखून १९८१ पासून त्या देशांत घरोघर याची शिकवण दिली गेली आहे. त्यानंतर पहिला अर्धा तास शिक्षकानें कोणासही पाण्यांत जाऊंच दिलें नाहीं. सर्वांना वाळूवर बसवून समुद्र पाहावयास लावलें. लाटा कोठें फुटतात, किती लाटा आल्यावर मोठी येते, पाणी कोठून परत जातें, हें प्रत्येकानें सांगावयाचें.

आजोबाही कडेला बसून ऐकत होते. शिक्षकानें सांगितलें तें त्यांनीं नातीस आपल्या शब्दांत समजाविलें. लाट धांवत येते, पण पाणी धांवत येत नाहीं. भाताच्या शेतावरून वारा गेला म्हणजे लहर या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. रोप मात्र जागच्या जागीं डोलतें. तसेंच हें. दूर समुद्रांत कोठें तरी वादळ होतें, वारा पाण्यास आपली शक्ति देतो आणि ती शक्ति शेंकडों कोस चालून किनाऱ्यापाशीं येते. तेथें तळ वर चढत जातो. लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास खोली उरली कीं तिचा पाय अडखळतो, डोकें पुढें जातें आणि ती कोसळते. तिच्या उतारावरून खालीं घसरत राहणें, एवढाच या खेळांतला सिद्धांत.

सिद्धांत सोपा; आचरण तितकें नव्हे. फळी आठ फुटांची, मऊ फोमची, घोट्याला दोरीनें बांधलेली. वाळूवर पालथें पडून, छातीखालीं हात टेकून एका दमांत दोन्ही पायांवर उभें राहावयाचें, हें पंधरा-वीस वेळां घोटून घेतलें. गुडघे वांकलेले, नजर पायांकडे नव्हे तर समोर. पडतांना डोक्यानें खालीं जावयाचें नाहीं. अंग पसरून पडावें आणि वर येतांना हातांनीं डोकें झांकावें, म्हणजे आपलीच फळी आपल्याला लागणार नाहीं. मग कमरेएवढ्या पाण्यांत जाऊन, फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेंसावर पहिले धडे.

त्या वर्गांत मागल्या रांगेस जावईही होते. त्यांनीं स्वतःहून नांव घातलें होतें. भोंवतीं सारीं दहा-बारा वर्षांचीं पोरें आणि मधें हे चाळिशीचे गृहस्थ. आदल्या दिवशींचा प्रसंग शिक्षकास सांगण्यापासून त्यांनीं सुरुवात केली, याचें आजोबांना मनापासून कौतुक वाटलें.

पहिल्या दिवशीं नात प्रत्येक वेळीं पडली. नाकातोंडांत खारें पाणी, गुडघे खरचटलेले. दुसऱ्या दिवशीं ईशान्येचा वारा सुटला आणि त्याबरोबर निळ्या दोऱ्यांसारखे डंख करणारे सागरी जीव कांठाशीं आले. तिकडे त्यांना ‘ब्लूबॉटल’ म्हणतात. शिक्षकानें त्या दिवशीं वर्ग भरविलाच नाहीं. नात हिरमुसली. आजोबा म्हणाले, “न उतरणें हेंही शिकण्यांतच आलें.” सहाव्या दिवशीं सकाळीं मात्र एक बेताची लाट आली, शिक्षकानें फळीला हलकासा रेटा दिला आणि ती उभी राहिली. किती वेळ? कोणीं घड्याळ लावलें नव्हतें. चार श्वासांइतका असेल. मग ती कलली आणि पाण्यांत पडली. पण वर आली ती ओरडतच आली. जावई त्या दिवशीं गुडघ्यांवरच राहिले.

नातीनें किनाऱ्याकडे पाहिलें, तेव्हां आजोबा वाळूवर नव्हते. धोतर वर खोंचून ते पाण्यांत उभे होते, दोन बावट्यांच्या बरोबर मधोमध. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतें. पंचावन्न वर्षांनंतर त्यांच्या पायांस समुद्र लागला होता.

श्रोतेहो, सिडनी दूर आहे आणि सर्वांनींच तेथें जावें असें नव्हे. हा खेळही आतां परक्याचा राहिलेला नाहीं. जपानांतील ऑलिंपिक सामन्यांत २०२१ सालीं त्यास प्रथम स्थान मिळालें. आपल्या देशांतही कर्नाटकांत मुल्की येथें, मद्रास म्हणजे आतांच्या चेन्नईजवळ कोवळम येथें आणि गोव्यांतही तो शिकवितात, आणि शिकविणाऱ्यांत कोळ्यांच्या घरचे तरुण आहेत, हें विशेष. परंतु फळी घ्या अगर घेऊं नका, आपल्या कोंकणपट्टीवर सुटीस जाणारीं शहरांतील माणसें दर वर्षीं बुडतात. त्यांत बहुतेक वेळां समुद्राचा राग नसतो. आपलें न विचारणें असतें.

बावटा सर्वत्र नसतो, पण विचारावयास माणूस सर्वत्र असतो. पाण्यांत उतरण्यापूर्वीं किनाऱ्यावरच्या कोळ्यास पुसावें. पावसाळ्यांत होड्या वर ओढल्या असतील, तर आपणही वरच राहावें. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावांचून होडी न लोटण्याची जी चाल आहे, तिच्यांत श्रद्धेइतकाच अनुभवही आहे. लाटांच्या मधला शांत पट्टा हा आसरा नव्हे. मद्य घेऊन पाण्यांत जाऊं नये. मुलांवर एका वडील माणसानें केवळ तेवढ्याच कामासाठीं नजर ठेवावी. आणि कोणी बुडतांना दिसलें, तर आपण मागोमाग उडी घेऊं नये. तरंगणारें कांहींही, रिकामा डबा, चेंडू, दोरी, त्याच्याकडे फेंकावें आणि जाणत्यास हांक मारावी. एकाच्या मागें दुसरा गेला, अशा शोकान्त कथा आपल्या किनाऱ्यावर थोड्या नाहींत. त्या दिवशीं मामींनीं आपल्या नणंदेस धरून ठेवलें नसतें, तर या कुटुंबाची गोष्टही निराळीच झाली असती.

पुढल्या वैशाखांत हें कुटुंब आजोबांच्या मूळ गांवीं गेलें. सकाळच्या वेळीं सारीं किनाऱ्यावर उतरलीं. ऊन कोवळें होतें, समुद्र निवळ होता आणि नात धांवण्याच्या बेतांत होती. आजोबांनीं तिला खुणेनें थांबविलें. जाळें निवडीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याजवळ ते गेले, वाळूंत बसले आणि त्यांनीं विचारलें, “तांडेल, पोरीला पाण्यांत उतरायचं आहे. कुठें उतरूं द्यावी?”

म्हाताऱ्यानें जाळें खालीं ठेवलें, डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे नीट पाहिलें आणि बोट करून जागा दाखविली. मग दुसरीकडे बोट करून मान हलविली. तेथेंही पाणी अगदीं शांत होतें.